बाळाच्या किडनीला सूज: थांबायचं की ऑपरेशन करायचं?

पाऊलखुणा
नमस्कार. सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या किडनीला सूज दिसली होती. जन्मानंतर उतरते बहुतेकांची, असं तेव्हा सांगितलं गेलं. मुलगा आता तीन महिन्यांचा झाला. सूज उतरली तर नाहीच, वाढली आहे. दीड महिन्याचा असताना रिनल स्कॅन झाला, त्यात डावी किडनी ३६ टक्के आणि उजवी ६४ टक्के काम करते असं आलंय. डावीकडची लघवी खाली उतरायला फार वेळ लागतो. निदान पीयूजे ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे किडनी आणि मूत्रवाहिनीच्या सांध्यात अडथळा. सर्जननी पायलोप्लास्टी, म्हणजे तो सांधा दुरुस्त करण्याचं ऑपरेशन, करायला सांगितली आहे.

बाळ छान दूध पितं, वजन वाढतंय, ताप नाही, रडणं नाही. सासरे म्हणतात, हसतंखेळतं पोर टेबलावर कशाला ठेवायचं, वर्षभर थांबू. नवरा म्हणतो, उद्याच करू. मला दोघांचंही पटतं आणि झोप लागत नाही. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. थांबून बरं झालेलेही आणि ऑपरेशन केलेलेही.

रानवारा
आमच्या मुलीला हेच होतं. दीड वर्षात सूज आपोआप गेली. काही केलं नाही, फक्त दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. अजिबात घाई करू नका.

अक्षांश
रानवारा, सूज किती मिलिमीटर होती? आणि स्कॅनमध्ये टक्के किती होते?

रानवारा
८ मिमी. स्कॅनची गरजच नाही म्हणाले होते.

अक्षांश
मग ती वेगळी गोष्ट झाली ना. "किडनीला सूज" हे एकच नाव ८ मिमीलाही लावतात आणि ३५ मिमीलाही. पाऊलखुणा, तुमचा आकडा काय आहे?

पाऊलखुणा
जन्मानंतर पाचव्या दिवशी १९ मिमी, परवा २७. ग्रेड ४, म्हणजे तीव्र सूज, लिहिलंय.

शल्यविशारद
मी लहान मुलांचा सर्जन आहे. रिपोर्ट न पाहता "करा" किंवा "नको" म्हणणार नाही, पण आम्ही विचार कसा करतो ते सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ प्रत्येक घरात होतो.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत शंभरातल्या एकदोन बाळांच्या किडनीत अशी सूज दिसते. त्यातली बहुतेक सौम्य असते आणि जन्माआधी किंवा पहिल्या वर्षा-दोन वर्षांत विरून जाते. रानवारा यांचा अनुभव त्यामुळे खराच आहे, आणि तोच सर्वांत जास्त लोकांना येतो.

पीयूजे म्हणजे किडनीतलं लघवी गोळा होणारं नरसाळं आणि खाली जाणारी मूत्रवाहिनी यांचा सांधा. तो अरुंद असला की वरचा भाग फुगतो. पण फुगला म्हणजे दाब आहेच असं नाही. म्हणून आम्ही एका आकड्यावर निर्णय घेत नाही. सोनोग्राफीत रुंदी वाढतेय का आणि किडनीचा गर पातळ होतोय का, हे बघतो. स्कॅनमध्ये दोन गोष्टी असतात: कामाची वाटणी आणि उतरण्याचा वेग. दोन्ही किडन्यांचं काम ४५ ते ५५च्या दरम्यान असेल तर समसमान समजतात. ४०च्या खाली असेल, किंवा पुढच्या स्कॅनमध्ये पहिल्यापेक्षा लक्षणीय घसरलं असेल, किंवा ताप-इन्फेक्शन, पोटदुखी, खडे असा त्रास सुरू झाला असेल, तर ऑपरेशनकडे कल जातो. नुसतं "हळू उतरते" एवढ्यावर नाही. तान्ह्या बाळाची किडनी अजून पक्व व्हायची असते, तिला लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं तरी ती मोठ्यांसारखा प्रतिसाद देत नाही. स्कॅन साधारण महिना-दीड महिन्यानंतर करतात तो यासाठीच.

आता "हसतंखेळतं बाळ" याबद्दल. एका बाजूची किडनी हळूहळू निकामी होत असेल तर बाळ बाहेरून अगदी ठणठणीत दिसतं. दुसरी किडनी सगळं काम उचलते, रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारा घटक) नॉर्मल येतं, वजन वाढतं. त्यामुळे बाळाकडे बघून यातलं काहीच ठरवता येत नाही. ते सोनोग्राफी आणि स्कॅनवरूनच ठरतं.

तळटीप
शल्यविशारद, एक प्रतिवाद. तीव्र सूज असूनही जपून वाट पाहिलेल्या बाळांत बऱ्याच जणांना ऑपरेशन लागलंच नाही, असं प्रकाशित झालेलं आहे. सुरुवातीला कमी असलेले टक्के वाट पाहूनही काहींचे सुधारले. मग ४० ही रेषा दगडावरची कशी? माझ्या भाच्याचं ऑपरेशन ३८ टक्क्यांवर झालं आणि नंतरही ३८च राहिले. मग मिळवलं काय?

शल्यविशारद
रेषा दगडावरची नाही, हे मान्य. वाट पाहणारी एक मोठी विचारधारा आहे आणि तिच्याकडे पुरावा आहे. पण त्या बाळांवर जी देखरेख होती ती बघा: ठरलेल्या तारखांना सोनोग्राफी, पुन्हा स्कॅन, आणि घसरण दिसताच ऑपरेशन. वाट बघणं हाही एक उपचार आहे, आणि तारीख चुकवली की तो उपचार उरत नाही. सहा महिन्यांनी या म्हटल्यावर दोन वर्षांनी आलेली मुलं मी पाहिली आहेत. तेव्हा ती बाजू दहा टक्क्यांवर असते.

भाच्याचं म्हणाल तर ३८चे ३८ राहिले हेच यश. ऑपरेशनचा पहिला हेतू पुढची झीज थांबवणं हा असतो. टक्के वाढले तर आनंदच, पण कोणी तसं वचन देऊ नये.

उंबरठा
धाग्याचा विषय एका बाजूच्या सुजेचा आहे हे कळतंय, तरी लिहिते. कारण कुणीतरी हा धागा शोधून वाचेल, तिच्या पोटात मुलगा असेल आणि सूज दोन्ही किडन्यांना असेल. तिने "बहुतेकांची उतरते" हे वाक्य वाचून थांबू नये.

माझ्या मुलाच्या दोन्ही किडन्या सुजलेल्या, मूत्राशयाची भिंत जाड, गर्भजल कमी. पीयूव्ही, म्हणजे मूत्रमार्गाच्या मागच्या भागात जन्मतः असलेले पडदे. हे मुलग्यांतच होतं. गर्भजल उत्तरार्धात मुख्यतः बाळाच्या लघवीनेच बनतं आणि ते कमी पडलं तर फुप्फुसांची वाढ खुंटते. त्यामुळे आमची पहिली भीती किडनीची नव्हती, श्वासाची होती. तो रडला तेव्हा आधी श्वास मोजला सगळ्यांनी.

पहिल्याच दिवशी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं केलं. मग रक्तातले क्षार जागेवर येईपर्यंत थांबले, एमसीयू (मूत्राशयात रंगद्रव्य भरून काढलेला एक्स-रे) करून निदान पक्कं केलं आणि दुर्बिणीतून पडदे जाळले. बाहेर एकही टाका नाही. एवढं ऐकून नातेवाइकांना वाटलं, झालं, सुटलं पोर.

सुटत नाही. पोटात असल्यापासून अडथळ्याविरुद्ध जोर लावलेलं ते मूत्राशय पडदे गेल्यावरही घट्टच राहतं. आमच्याकडे ऑक्सिब्युटिनिन हे मूत्राशय सैल करणारं औषध चालू आहे, ठरावीक वेळाने शू, थोड्या वेळाने पुन्हा शू, आणि रात्री उठवून नळीने मूत्राशय रिकामं करणं. मुलगा आता शाळेत जातो आणि नळी स्वतः घालतो. पहिल्या वर्षात क्रिएटिनीन सर्वांत खाली कुठवर उतरतं त्यावर पुढचा अंदाज बांधतात. आमचं फार खाली उतरलं नाही. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर उत्तम होते, आणि तरी पुढेमागे डायलिसिस किंवा किडनी बदलण्याची वेळ येऊ शकते, हे आम्हाला माहीत आहे. जन्माआधी झालेलं नुकसान कोणताही सर्जन परत आणत नाही. म्हणून उरलेलं जपण्याला एवढं महत्त्व.

रानवारा
उंबरठा, तुमच्या मुलाला खूप प्रेम. मी वर "अजिबात घाई करू नका" लिहिलं ते एका बाजूच्या सौम्य सुजेपुरतंच धरावं.

शल्यविशारद
उंबरठा यांच्या पोस्टला जोडून. एका बाजूची सूज असेल तर जन्मानंतरची पहिली सोनोग्राफी निदान ४८ तासांनी करतात, कारण पहिल्या दोन दिवसांत बाळाची लघवीच कमी असते आणि सूज खोटीच कमी दिसते. पण मुलगा आणि दोन्ही बाजूंना सूज, जाड मूत्राशय, कमी गर्भजल किंवा एकच किडनी, यातलं काही असेल तर ४८ तास थांबायचं नाही. मूत्रमार्ग दुर्बिणीसाठी फार बारीक असेल तर मूत्राशयाचं तोंड काही काळ बेंबीखाली पोटावर उघडून देतात, त्याला व्हेसिकोस्टॉमी म्हणतात. लघवी सरळ डायपरमध्ये जाते आणि नंतर ते बंद करता येतं. पालक घाबरतात, पण तान्ह्या बाळाला ती सोय चांगली मानवते.

गणितवेडी
आमचा प्रकार तिसराच. मुलीला सर्दी-खोकला काही नसताना ताप यायचा. प्रत्येक वेळी व्हायरल म्हणून औषध. एका डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मग उलगडा झाला: रिफ्लक्स, ग्रेड ४. मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते.

इथल्या आयांना एक सांगते. बाळाला कारण न सापडणारा ताप असेल तर लघवीची तपासणी मागून घ्या. आणि कल्चर करायचं असेल तर चिकटवायच्या पिशवीत जमवलेली लघवी त्यासाठी भरवशाची नाही, त्वचेवरचे जंतू मिसळतात. नळीने काढलेला नमुना लागतो. बघवत नाही, पण चुकीच्या रिपोर्टवर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देण्यापेक्षा बरं.

रोज रात्री थोडं अँटिबायोटिक दिलं दोन वर्षं, तरी ताप येतच राहिला. डीएमएसए स्कॅनमध्ये (त्यात किडनीवरचे व्रण दिसतात) नवा व्रण दिसल्यावर रीइम्प्लांट केलं, म्हणजे मूत्रवाहिनी मूत्राशयात नव्याने बसवली.

तळटीप
दोन वर्षं अँटिबायोटिक हा मला वादाचा मुद्दा वाटतो. २०१४ सालचा रिव्हर नावाचा मोठा अभ्यास आहे, ६०७ मुलांवरचा. औषध घेणाऱ्यांत इन्फेक्शन निम्म्याने कमी झालं, पण किडनीवरच्या व्रणांत फरक पडला नाही. आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढले. मग सरळ रिफ्लक्स थांबवणारं जेलचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन का नाही?

गणितवेडी
इन्फेक्शन निम्मं होणं तुम्हाला कमी वाटतं, कारण १०४ तापात फणफणलेलं मूल तुम्ही रात्रभर मांडीवर घेतलेलं नाही. आणि त्या अभ्यासात ग्रेड ५ नव्हताच, बहुतेक मुलं ग्रेड २-३ची होती.

शल्यविशारद
दोघांचंही म्हणणं धरून ठेवण्यासारखं आहे. ग्रेड १-२ बहुधा वयाबरोबर जातो, ४-५ला तशी आशा कमी. दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जेलचं इंजेक्शन देतात ते सोपं आहे, त्याच दिवशी घरी जाता येतं, पण पुन्हा द्यावं लागू शकतं आणि ग्रेड चढेल तसं यश घटतं. रीइम्प्लांटमध्ये मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत लांब बोगद्यातून नेतात. बोगद्याची लांबी नळीच्या रुंदीच्या पाचपट हवी, हा जुना नियम अजून पाळला जातो. यश ९५ टक्क्यांच्या वर. मोठं ऑपरेशन, पण बहुतेकदा एकदाच.

आणि एक साधी गोष्ट जी सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते: बद्धकोष्ठ. शी साचलेली असेल आणि मूल शू दाबून धरत असेल तर रिफ्लक्सचं कुठलंच ऑपरेशन नीट टिकत नाही. आधी पोट साफ, मग चाकू.

तिन्हीसांज
आमची मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत ओली राहायची. व्यवस्थित शूला जायची, रात्री उठायची, आणि तरी चड्डी दिवसभर दमट. शाळेतून तक्रारी यायच्या. आळशी आहे, सवय लावा, मन रमवा, बक्षीस द्या, असे सल्ले यायचे. मानसोपचारही सुचवला गेला. शेवटी एका सर्जननी एकच प्रश्न विचारला: "मध्ये कधी पूर्ण कोरडी असते का?" कधीच नाही, म्हटलं. तिथेच त्यांना शंका आली.

तिच्या एका बाजूच्या किडनीचे दोन भाग होते आणि दोन मूत्रवाहिन्या. वरच्या भागाची वाहिनी मूत्राशयात न जाता स्फिंक्टरच्या, म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूच्या, खाली उघडत होती, म्हणून ठिबक सतत. वरचा भाग जवळजवळ काम करत नव्हता, तो काढला. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी ती कोरडी होती. पुन्हा पुन्हा स्वतःच हात लावून बघत होती.

आता मैत्रिणींना अभिमानाने सांगते, "तुमच्याकडे दोन, माझ्याकडे अडीच किडन्या होत्या!"

अक्षांश
अडीच किडन्या! :) हिशेब अगदी चोख आहे पोरीचा.

शल्यविशारद
"शूला नीट जाते, पण कधीच कोरडी नसते" हे वाक्य मुलीच्या बाबतीत ऐकलं की ही जागा तपासलीच पाहिजे. मुलग्यांत अशी वाहिनी स्फिंक्टरच्या वरच उघडते, त्यामुळे ओलं राहणं होत नाही, इन्फेक्शनवरून कळतं. वरचा भाग चांगला काम करत असेल तर तो न काढता त्याची वाहिनी खालच्या भागाच्या वाहिनीला जोडूनही भागतं.

नवखा_बाबा
जरा वेगळं विचारतो. बाळाचं शूचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला आहे. हायपोस्पॅडियास सांगितलं. ते इथे चालेल का?

शल्यविशारद
चालेल. साधारण ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन करतात. तोवर एकच पथ्य: कोणत्याही कारणाने पुढची त्वचा काढू नका, नवा मार्ग बनवायला तीच लागू शकते. दोन्ही अंडकोष जागेवर आहेत ना, हे आत्ताच तपासून घ्या. नसतील तर हार्मोन आणि इतर तपासण्या लवकर व्हायला हव्यात. छिद्र जितकं मागे तितकं ऑपरेशन अवघड, आणि टाक्यांतून लघवी झिरपणं किंवा तोंड आकसणं यासाठी पुन्हा हात लावावा लागू शकतो. अशी ऑपरेशनं सतत करणाराच सर्जन शोधा. पहिला प्रयत्न सर्वांत मोलाचा असतो.

पाऊलखुणा
सगळ्यांचं वाचतेय, दोनदोनदा. एक भीती लिहायची राहिली. एवढ्या लहान मेंदूला भूल. त्याने पुढे बुद्धीवर परिणाम होतो असं कुठेकुठे वाचलं.

भूलशास्त्री
माझा विषय आहे म्हणून उत्तर देते. तान्ह्या बाळांवरचा गॅस नावाचा अभ्यास आहे. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी काहींना पूर्ण भूल दिली, काहींना फक्त खालचा भाग बधिर केला. पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक तपासला, फरक आढळला नाही. निकाल २०१९ साली आले. मात्र त्यातली भूल सरासरी तासाभराच्या आतली होती. पायलोप्लास्टीला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथे लावणार नाही. पण एकदाच, गरजेच्या कामासाठी, लहान मुलांना भूल देणाऱ्या अनुभवी डॉक्टरकडून दिलेली भूल विरुद्ध निकामी होत जाणारी किडनी, अशी तुलना असेल तर माझ्या बाळासाठी मी कुठली बाजू निवडेन हे मला माहीत आहे.

कंबरेखालून एक इंजेक्शनही देतात, त्याला कॉडल म्हणतात. त्याने पहिले काही तास दुखत नाही आणि भूलही कमी लागते. आईचं दूध भुलीआधी किती वेळ बंद ठेवायचं ते लेखी घ्या, सहसा चार तास, काही ठिकाणी तीन. गरज नसताना रात्रभर उपाशी ठेवू नका. आणि बारीकशी सर्दी असली तरी लपवू नका. तारीख पुढे गेल्याने काही बिघडत नाही.

दीपमाळ
बऱ्याच वेळाने लिहितेय, पण मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आहे. लहानपणी रिफ्लक्ससाठी दोन्ही बाजूंचं रीइम्प्लांट झालेली मी आता चाळिशीला आलेय. बिकिनी लाइनवर एक पुसट रेघ, बाकी आठवण नाही. पण घरी कुणी कधी नीट सांगितलं नाही, "लहानपणी पोटाचं काहीतरी झालेलं" एवढंच. गरोदरपणात ब्लडप्रेशर चढलं तेव्हा कुठे जुने कागद शोधले गेले आणि एका किडनीवर व्रण असल्याचं कळलं. व्रण असलेल्या बाईला गरोदरपणात लघवीची तपासणी आणि ब्लडप्रेशर दोन्ही जास्त वेळा बघावं लागतं. तसंच माझ्या मूत्रवाहिन्या आडव्या नेऊन विरुद्ध बाजूला उघडल्या आहेत, त्यामुळे उद्या खडा झाला तर दुर्बीण घालणाऱ्याला आधी माहीत असलेलं बरं. मुलांना सांगा हो. दहा-बारा वर्षांची झाली की त्यांच्याच हाती फाइल द्या. रिफ्लक्स असेल तर धाकट्या भावंडांचंही डॉक्टरांना विचारा, घरात आढळतो तो.

पाऊलखुणा
दुसरं मत घेतलं. वेगळ्या सर्जननी रिपोर्टवर विसंबून न राहता स्कॅनचे फोटो स्वतः पाहिले आणि सोनोग्राफी स्वतःसमोर पुन्हा करून घेतली. २९ मिमी, गर पातळ होतोय. त्यांचंही मत ऑपरेशनचं. सासऱ्यांना सोबत नेलं होतं, त्यांनी स्वतः प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन तारीख घ्या म्हणाले. या वयात उघडं ऑपरेशन छोट्या छेदातूनच होतं, दुर्बिणीचा हट्ट धरू नका, असं सांगितलं. बरोबर ना? आणि आत नळी ठेवणार म्हणालेत.

शल्यविशारद
बरोबर. मोठ्या मुलांत दुर्बिणीचा किंवा रोबोटचा फायदा जाणवतो. तान्ह्यात उघड्या ऑपरेशनचा छेदही छोटाच असतो. तत्त्व दोन्हीकडे तेच, १९४९ साली अँडरसन आणि हाइन्स यांनी दिलेलं: अरुंद तुकडा कापून टाकायचा आणि दोन्ही टोकं रुंद करून जोडायची.

आतल्या नळीला डीजे स्टेंट म्हणतात. चार ते सहा आठवड्यांनी थोडी भूल देऊन दुर्बिणीतून काढतात. ती असेपर्यंत लघवी अधूनमधून गुलाबी दिसेल, शू करताना कुरकुरेल, ते चालतं. ताप आला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. स्टेंट काढण्याची तारीख घरातल्या दोघांच्या फोनमध्ये टाका. बाळ बरं दिसतं म्हणून विसरलेल्या स्टेंटवर क्षार चढतात आणि मग साधी गोष्ट मोठी होते.

आणखी एक. नंतरच्या पहिल्या सोनोग्राफीत सूज दिसेलच. ताणलेली पिशवी आकसायला महिने लागतात, काहींची थोडी कायम राहते. उतार नीट होतोय का ते तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून कळतं. मधल्या काळात आकड्यांनी घाबरू नका.

तळटीप
पाऊलखुणा, माझं मत वाट पाहण्याच्या बाजूचं होतं. पण वाढती रुंदी, पातळ होणारा गर आणि ३६ टक्के, तिन्ही एकाच दिशेने जात असतील तर मीही हेच करेन.

उंबरठा
स्कॅनची सीडी आणि सोनोग्राफीचे मूळ फोटो मागून घ्या, नुसता छापील रिपोर्ट नको. पुढच्या वेळी तुलना फोटोंशीच करावी लागते. आणि शक्यतो स्कॅन त्याच सेंटरला, त्याच औषधाने करा, नाहीतर टक्के जुळत नाहीत आणि जीव उगाच टांगणीला लागतो. दवाखान्यात रात्री काही विचारावंसं वाटलं तर विपु (माझ्या विचारपुशीत निरोप) करा, मी तशीही उठलेलीच असते.